माझ्या राक्षसाचं प्रकाशन

आमच्या भिवंडीत पुस्तकाचं प्रकाशन करायचं म्हणजे आधी पुस्तक सोडून बाकी सगळ्याची तयारी लागते. खुर्च्या कोणाच्या, बॅनरवर फोटो कोणाचा, शाल आधी कोणाला. माझी पहिली अद्भुतरम्य कादंबरी आली तेव्हा हे सगळं काल्हेरच्या एका गोदाममालकाच्या मर्जीने ठरलं. तोच प्रमुख पाहुणा. बॅनरवर त्याचा चेहरा दाराएवढा, माझा आधार कार्डावर असतो तेवढा, आणि कादंबरीचं नाव टेबलामागे झाकलेलं.

समारंभ ज्या पुस्तकांच्या दुकानात होता, ते मात्र चांगलं होतं. जगायचं दहावी-बारावीच्या गाइडांवर, पण मालक मागची अख्खी भिंत हट्टाने कथा-कादंबऱ्यांसाठी ठेवायचा. माझी कादंबरी त्याने दोन दिवसांत वाचून काढली होती. पण समारंभ म्हटला की आपल्याकडे शहाण्या माणसालाही काय होतं कोण जाणे.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. कादंबरीत पाठीवर डोंगर वाहणारा एक राक्षस आहे. एका प्रकरणात तो डोंगर विकून टाकतो. ते पान मला बाबांसमोर वाचायचं होतं. पडघ्याजवळचं आमचं शेत त्यांनी गोदामासाठी विकलं, तेव्हापासून त्या विषयावर घरात एक अक्षर काढलं नव्हतं. हे ऐकून तरी बोलतील, अशी माझी वेडी आशा. त्यांना आग्रह करकरून बोलावलं, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत येऊन बसले.

मग सत्कार सुरू झाले. पाहुण्याचा, पाहुण्याच्या भावाचा, खुर्च्या देणाऱ्याचा, माइकवाल्याचा. निवेदक दर वेळी "वेळेअभावी" म्हणायचा आणि पुढची शाल उलगडायचा. पाहुण्याने सांगितलं की ताईंनी लहान मुलांसाठी छान छान गोष्टी लिहिल्यात, आणि मग मानकोलीच्या ट्रॅफिकवर वीस मिनिटं बोलला. पुस्तकाचं एक पान उलटलं असेल तर शपथ!

शेवटी एकदाचं प्रकाशन. चमकत्या कागदात गुंडाळलेली, रिबीन बांधलेली पुस्तकं ताटातून आली. मान्यवरांनी कागद फाडले, पुस्तकं छातीशी धरली, मुखपृष्ठ समोर, दात बाहेर. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. मीही हसत उभी होते. दुकानदाराने घाईत भलताच गठ्ठा गुंडाळला होता. आम्ही सहा जण दहावीच्या गणिताचं गाइड प्रकाशित करत होतो, आणि मंचावर एकाचंही, माझंसुद्धा, हातातल्या पुस्तकाकडे लक्ष नव्हतं.

तिसऱ्या रांगेतून बाबा उठले.

"आरं, ही पुस्तकं तिची न्हाईत. तिच्या पुस्तकाव राक्षस हाय, डोंगर घेतलेला."

लोक खो खो हसले. दुकानदाराचा चेहरा उतरला. पाहुण्याने गाइड उलटसुलट करून पाहिलं, "चलता है, फोटो तो आ गया" म्हणाला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघाला. त्याची माणसं त्याच्या मागे, उरलेले वडापावच्या टेबलाकडे. कादंबरीसाठी म्हणून कोणी थांबलं नाही. मला त्या सगळ्यांची मनापासून किळस आली.

तरी माइक हातात आला होता, आणि बाबा अजून जागेवर होते. मी ते पान काढलं, घसा साफ केला. तेवढ्यात बाबा उठून जवळ आले.

"राक्षस डोंगर ईकतो, तेवढं पान नको वाचू."

मी माइक खाली केला. "तुम्ही वाचलंत?"

"दोनदा. चुकलंय तिथं. तुझा राक्षस ईकल्याव रडत बसतो. मी न्हाय रडलो. सही केली, येस्टीनं घरी आलो, जेवलो." ते पुस्तकाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "तुझी आय रडली. तिला तू पुस्तकात घेतलीच न्हाय."