किल्ल्यावरचा लाल चंद्रवाला

पार्सल दादाकडून आलंय म्हटल्यावर मी ते आधी हलवून बघितलं, मग उलटं केलं, मग चिकटपट्टी एकदाच लावलीय की काढून पुन्हा लावलीय ते बघितलं. नवरा समोर चहा पीत बसलेला.

"अगं, भावाने पाठवलंय. बॉम्ब नाहीये तो."

त्याला काय जातंय बोलायला! माझा भाऊ ठाण्यात राहतो, मी डोंबिवलीत. मनात आणलं तर जेवून परत जाता येईल एवढंच अंतर. पण हा वर्षातून एकदा भाऊबीजेला येणार, ओवाळून घेणार आणि पाट उचलायच्या आत चपला घालणार. मी थांब म्हणत नाही, तो थांबत नाही. असा माणूस आपणहून पार्सल पाठवतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला लगेच कळलं.

आत आमचा लहानपणचा ब्लॉक्सचा सेट होता. चंद्रावरचा. फोनवर दादाचा मेसेजही येऊन पडलेला: "पुढच्या आठवड्यात मुलीकडे कॅनडाला चाललोय, कायमचा. सेट तुझ्याकडे राहू दे. तुझ्या व्हिडिओत याचा रिव्ह्यू कर. दिसेल ते खरं सांग."

खरं सांग! हे कोण सांगतंय बघा.

रिव्ह्यूचं असं आहे की मी एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात माल तपासायला होते. बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणं. साच्यातून निघालेला प्रत्येक नग माझ्या लेखी खराबच, चांगला आहे असं मला पटेपर्यंत. नोकरी संपली, सवय थोडीच संपते? मग मी जुनी खेळणी तपासून त्यांचे व्हिडिओ टाकायला लागले. खरं कुठलं, नकली कुठलं, तुकडा मूळचा की मागाहून घुसडलेला. लोक लांबून लांबून खेळणी पाठवतात. नवरा म्हणतो, तुझ्या संशयाला अखेर गिऱ्हाईक मिळालं. म्हणू दे.

हा सेट मामाने आणलेला. मामा बोटीवर होता. आम्ही तेव्हा कल्याणला चाळीत राहायचो, विठ्ठलवाडीच्या बाजूला. अख्ख्या चाळीत असलं खेळणं कोणी पाहिलेलं नव्हतं. निळे आणि करडे ठोकळे, पिवळ्या पारदर्शक काचा, यानाचे पंख, खड्डे पडलेली चंद्राची जमीन, आणि दोन माणसं: एक पांढरा, एक लाल. आम्ही त्यांना चंद्रवाले म्हणायचो. सेट दोघांत मिळून एक. मामाला मुलं नव्हती, नाहीतर असला घोळ त्याने घातला नसता.

लाल माझा होता. कोणी दिला नव्हता, मीच ठरवलेलं. दादाने तो उचलू नये म्हणून मी त्याच्या डाव्या पायाला कडकडून चावून ठेवलेलं. दाताचे दोन ठसे उमटलेले, स्पष्ट.

त्या वर्षी दिवाळीत दादाने किल्ला केला. दरवर्षीच करायचा. गोणपाट, दगड, विटा, वर चिखल. मला त्यात दोनच कामं: आईच्या जुन्या चाळणीने माती चाळायची आणि वर अळीव पेरायचे. त्या वर्षी आमच्याकडे नवा माल आलेला, मग काय! चंद्राची जमीन किल्ल्याच्या पायथ्याशी बसली आणि तिच्या खड्ड्यात पाणी ओतून तळं झालं. यानाचे ठोकळे तटबंदीत गेले, वरून गेरू फासला. पांढरा चंद्रवाला महादरवाज्यावर पहारेकरी आणि लाल वरच्या बुरुजावर, तोफेशेजारी. महाराज सिंहासनावर, खाली मावळे आणि बुरुजावर हेल्मेट घातलेला माझा लाल. चाळीतले लोक हसून गेले, पण दुसऱ्यांदा बघायलाही आले. मला इतका अभिमान वाटलेला की काय सांगू.

भाऊबीजेला बाबा आम्हा दोघांना घेऊन खडवलीला आत्याकडे गेलेले. मामा आमच्याकडे यायचा म्हणून आई घरीच राहिली. परत येतो तर किल्ला नाही. येण्याजाण्याच्या वाटेत होता, शेजाऱ्यांनी कुरकुर केली, म्हणून आईने मोडून टाकलेला. मावळे, ठोकळे, सगळं धुऊन डब्यात भरलेलं. पांढरा होता. लाल नव्हता.

मी सरळ दादाला धरलं. त्याच्या वर्गातल्या एका मुलाचा त्या लालवर डोळा होता, हे मला ठाऊक होतं. त्याला देऊन बदल्यात काहीतरी घेतलंस म्हणून मी चाळ डोक्यावर घेतली. दादा आधी हसला, मग चिडला, आणि मग आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आईशप्पथ, मी नाही घेतला."

पुढच्याच महिन्यात आईला कावीळ झाली.

मी सात-आठ वर्षांची. मला शंभर टक्के कळून चुकलं की दादाने खोटी शप्पथ घेतली आणि ती आईला लागली. आई अंथरुणावर पिवळीधमक पडलेली, मी तिच्या कानाशी जाऊन हे सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं. लहान आहे तो."

नाही म्हणाली नाही. जाऊ दे म्हणाली. म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं! आई बरी झाली, पुढे खूप वर्षं जगली, पण मी ते विसरले नाही. दादाने परीक्षेचे मार्क सांगितले की मी मार्कशीट बघायचे. ऑफिसात अडकलो म्हणाला की वहिनीला विचारायचे. आई गेली तेव्हा तो ढसाढसा रडला आणि मी दाराशी उभी राहून विचार करत होते की हा कशासाठी रडतोय. वाईट आहे, पण तसंच झालं.

तर आता तो सेट टेबलावर होता. मी खाली पांढरा कपडा पसरला, भिंग घेतलं आणि मोबाइल स्टँडला लावून रेकॉर्डिंग चालू केलं. माल उत्तम होता, ते मान्य करायलाच हवं. इतक्या वर्षांनी ठोकळ्यावर ठोकळा दाबला तर 'टक' असा भरीव आवाज. पकड शाबूत. करड्या रंगावर जरा पिवळट झाक आलेली, ती खरीच. नकली मालाला असं सावकाश म्हातारं होता येत नाही. एका पिवळ्या काचेला बारीक तडा. पांढऱ्याच्या छातीवरचं ग्रहाचं चित्र बोटांनी पुसट झालेलं. हे सगळं मी कॅमेऱ्यासमोर बोलत होते आणि बोलता बोलता तळाची कागदाची पुडी सोडली.

आत लाल चंद्रवाला.

डोक्यात सणक गेली. म्हणजे होता! इतकी वर्षं याच्याकडेच होता! आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेला हा माणूस, आणि आता देश सोडून जाताना हळूच पुडीत घालून पाठवतोय. तोंडाने कबूल करायची हिंमत नाही ती नाहीच.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "बघ! मी काय सांगत होते?"

"अगं पण नीट बघ तरी आधी," तो म्हणाला.

मला नीट बघ म्हणतोय! मी भिंग लावलं. छातीवरचं चित्र लखलखीत. ठीक, कदाचित कोणी खेळलंच नसेल. डावा पाय बघितला. गुळगुळीत. उजवा बघितला. तोही गुळगुळीत. दाताची खूण नाही. हा आमचा नव्हताच.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि दादाला फोन लावला. हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कुठून आणलास हा?"

"मागवला. जुन्या वस्तू विकतात ना, तिथून. बरेच दिवस शोधत होतो."

"मला फसवायला?"

"तुला?" तो हसला. "तू पहिल्या मिनिटात पाय बघणार, हे मला माहीत नाही होय? बघितलास ना?"

"बघितला. आपला नाहीये."

"नाहीच आहे. खरा माझ्याकडे असता तर तोच नसता का पाठवला? जाता जाता खोटा कशाला शोधत बसलो असतो? तुझा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्या भिंगावर तरी आहे. म्हटलं, भिंगालाच सांगू दे."

वकिली डोकं आधीपासूनच. मी लगेच म्हटलं, "म्हणजे खरा तेव्हाच कोणाला तरी देऊन टाकलास." जीभ थांबतच नाही माझी.

तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "एक विचारू? आईलापण वाटायचं का गं, मी घेतला म्हणून? तिला कधी विचारता आलं नाही मला."

मला "जाऊ दे गं, लहान आहे तो" आठवलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. कुकर लागलाय म्हणून फोन ठेवला. घरात कुकर लागलेला नव्हता.

पुढचा अर्धा दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. चिडले की मी मोजायला आणि पुसायला घेते. म्हणून प्रत्येक ठोकळा उलटा करून टोकदार काडीने साफ करायला घेतला. आईने धुतले होते तरी पोटातल्या नळ्यांत गेरू राहिलेला. चंद्राच्या जमिनीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यातल्या खाचेत, वाळलेला चिखल होता आणि त्यात अळिवाचा एक दाणा. मी पेरलेला. काडीवर घेऊन मी तो बघत राहिले. आईने ठोकळे धुतले. मावळे धुतले. मग माती? किल्ल्याची एवढी माती तिने कुठे टाकली?

आणि मला आठवलं. टाकली कुठे? आई माती कधी टाकायचीच नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न यायचं, त्याच्या आत ती तुळशीची कुंडी नव्या मातीने भरायची. दरवर्षी किल्ल्याच्याच मातीने. "पोरीने चाळून ठेवलीय, आयतीच आहे," असं म्हणायची. चाळलेली होती, म्हणूनच ती पुन्हा चाळत नव्हती. घमेल्याने उचलायची आणि सरळ ओतायची.

बुरुज तर नुसत्या मातीचा होता.

त्या वर्षी तर सिमेंटची कुंडी नवी आणलेली, ती आईने तळापासून त्याच मातीने भरलेली. ती कुंडी आता माझ्या गॅलरीत आहे. आई गेल्यावर तिचं घर रिकामं केलं तेव्हा टेम्पोत घालून मीच आणलेली. तुळस मरते, मंजिऱ्यांतून दुसरी येते, वरची माती मी बदलते. पण तळाला हात लावायचा नाही, मुळं दुखावतात, अशी आईची सक्त ताकीद. ती मी पाळलेली.

मी खुरपं घेऊन गॅलरीत गेले आणि तिथेच थांबले. रविवार होता. रविवारी तुळशीला हात लावत नाहीत.

"तू? तुझा कशावर विश्वास नाही आणि वार मात्र पाळतेस?" नवरा म्हणाला.

"आईची तुळस आहे," मी म्हटलं. "गप्प बस." संध्याकाळी दिवा लावताना मी जरा जास्तच वेळ त्या कुंडीकडे बघत होते, संशयाने.

सोमवारी आंघोळ करून, तुळशीची माफी मागून, मी ती मुळांसकट अलगद उपसली आणि ओल्या फडक्यात ठेवली. नवऱ्याने जुने पेपर पसरले. वरची माती काळी, भुसभुशीत. खाली खाली ती घट्ट आणि तांबूस होत गेली. खुरपं सोडून मी बोटांनी उकरायला लागले. तळाच्या भोकावर आईने ठेवलेलं कौलाचं खापर होतं. त्याच्याजवळ, जुन्या मुळांच्या जाळ्यात, काहीतरी गुळगुळीत बोटाला लागलं.

नळाखाली धरलं. फिकट लाल. हेल्मेट होतं. छातीवरचं चित्र गेलेलं. एक वाळकं मूळ त्याच्या बगलेतून आरपार गेलेलं. मी भिंग आणलं, अर्थात आणलं, आणि डावा पाय बघितला. दोन ठसे. तरीही खात्रीसाठी मी तो पाय दाताखाली धरून बघितला. दुधाचे दात ते, आता काय जुळणार कपाळ! नवऱ्याने माझ्या हातात फोन दिला.

"दादा," मी म्हटलं, "सापडला."

"कुठे?"

"आईच्या तुळशीत. किल्ल्याच्या मातीतून गेला. बुरुजाबरोबर. आईनेच भरलेली, तिला दिसलाच नाही."

फोन कट झाला वाटून मी स्क्रीन बघितली. चालू होता.

"म्हणजे आईकडेच होता," तो म्हणाला. मला रडू आवरेना आणि त्याला ते कळू नये असंही वाटेना.

"दादा, चुकलं रे माझं. जायच्या आधी ये."

"येतो. तू नीट तपासलास ना? दाताची खूण आहे?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की. दोनदा बघितलं."

"मग आईला सांग," तो म्हणाला. "म्हणावं, मी खोटी शप्पथ घेतली नव्हती."

मातीच्या हातांनी मी त्या रिकाम्या कुंडीसमोर उभी राहिले आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं.