पुढच्या खोलीतली गाडी

हळूभाऊंना गाडी चालवता येते, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं. ती मुक्कामाला कधी पोहोचेल, एवढ्याबद्दलच मतभेद होते. शेजारचा टेम्पोवाला म्हणायचा, "हळूभाऊंच्या गाडीला मागे टाकून गोगलगाय गेली तर ती हॉर्न देऊन जाते." हळूभाऊ हसायचे. त्यांना राग येत नसे. निदान आलेला कुणाला दिसत नसे.

उभी हयात त्यांनी एकाच घरची गाडी चालवली, वकीलसाहेबांची. गाड्या बदलल्या, पण ड्रायव्हर तोच राहिला. साहेब मागे बसून फायली वाचायचे आणि पाण्याच्या भांड्यातलं पाणी हलू नये अशी गाडी त्यांना लागायची, म्हणून हळूभाऊ हळू झाले. शेवटची गाडी साहेबांनी मोठ्या हौसेनं घेतली. ती लांबलचक आणि काळीभोर होती, पेट्रोलवरही चालायची आणि विजेवरही. विजेवर चालताना ती इतकी गप्प असे की चालू आहे की बंद, हे कानाला कळायचं नाही. साहेबांनी तिच्यात आपल्या मनासारखे बदलही करून घेतले होते. बाईसाहेबांच्या पायाखाली लाकडी पाट बसवला होता, त्यांच्या पाठीला जाड उशी होती आणि फायली घसरू नयेत म्हणून डिकीला आतून सगळीकडून फळ्या ठोकल्या होत्या.

साहेब गेले. महिन्याभरानं बाईसाहेबांनी हळूभाऊंना बोलावलं आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"ही तुमची. त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं. फक्त विकू नका. परक्याच्या दारात उभी दिसली तर मला सहन व्हायचं नाही. आणि उन्हापावसात ठेवू नका."

"हो, बाईसाहेब," हळूभाऊ म्हणाले.

हा माणूस जन्मात कुणाला 'नाही' म्हणालेला नव्हता. त्यांची बायको म्हणायची, "यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवानं घातलाच नाही. घालायचा राहून गेला, आणि हे त्यालाही 'राहू दे' म्हणाले असतील."

गाडी गल्लीत आली, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या अंगावर खिळ्यानं लांब रेघ ओढली. आता हिला ठेवायची कुठे? घराला पुढे एक लांबट खोली होती, रस्त्याकडे शटर आणि आत स्वयंपाकघराचं दार असलेली. ती त्यांच्या बायकोची, म्हणजे गल्लीच्या वहिनींची, शिवणकामाची खोली. मशीन, कापायचं टेबल, पडद्यांचे तागे, आणि शटर उघडं असलं की येणारं गिऱ्हाईक. वहिनींनी ती रेघ पाहिली, नवऱ्याचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या आत. चार दिवस चालवून घेईन."

ते चार दिवस काही सरले नाहीत. दोन वर्षं होत आली तरी मशीन स्वयंपाकघरात ओट्याला खेटून होतं. शिवलेल्या पडद्यांना फोडणीचा वास यायचा आणि गिऱ्हाइकं मागच्या बोळातून, बादल्या ओलांडून यायची. बरीचशी येईनाशी झाली.

गाडी खोलीत मावायची, पण माणूस मावत नसे. दोन्ही अंगांना भिंतीपासून जेमतेम हातभर जागा, आणि तिथेही ओरखडा उठू नये म्हणून हळूभाऊंनी जुन्या गाद्या ठोकलेल्या. दार उघडलं तर चार बोटांची फट पडे. म्हणून हळूभाऊ नाक आत करून गाडी लावत, मागच्या सीटवरून डिकीत सरपटत आणि डिकीतून रस्त्यावर उतरत. निघताना हेच उलटं. पहिल्यांदा हे पाहायला अख्खी गल्ली जमली होती.

"लोक गाडीतून उतरतात," टेम्पोवाला म्हणाला. "हळूभाऊ जन्माला येतात."

दर रविवारी सकाळी हळूभाऊ बाईसाहेबांना घ्यायला जात. त्या मागे डाव्या बाजूला बसत, पाय पाटावर ठेवत. कोर्टापर्यंत जायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि परत. वाटेत फारसं बोलणं नसे. उतरताना त्या दारावरून एकदा हात फिरवत आणि म्हणत, "छान ठेवलीत." एवढ्या दोन शब्दांवर हळूभाऊंचा पुढचा आठवडा बांधला जाई.

मेकॅनिकनं त्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं, "हिच्यात एक मोठी बॅटरी आहे आणि एक छोटी. मोठीची काळजी ती स्वतः घेते. छोटी मेली तर मात्र काहीच चालणार नाही. एका फेरीनं तिचं भागायचं नाही. मध्ये एकदा गाडी अर्धा तास चालू ठेवत जा." हळूभाऊंनी त्यासाठी बुधवार धरला. पण बंद खोलीत इंजिन मध्येच आपसूक सुरू होई आणि धूर स्वयंपाकघरात जाई. बायकोला खोकला लागे, कपड्यांना वास लागे. मग हळूभाऊंना युक्ती सापडली. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की इंजिन लागतच नसे, पण डॅशबोर्डवरचा पडदा उजळे, पंखा फिरे, रेडिओ लागे. गाडी जागी झाली, पोट भरतंय, असं समजून ते अर्धा तास आत बसत. आवाज तेव्हाही नसे आणि एरवीही नसे, मग फरक कळावा कसा? महिनोन् महिने दर बुधवारी त्यांनी तिला अशा मायेनं उपाशी ठेवलं.

त्या शनिवारी वहिनी भाजी निवडताना सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "माझी बहीण विचारत होती. तिच्या दुकानात जागा आहे. मशीन घेऊन ये म्हणते."

"किती दिवसांसाठी?"

"जागा आहे म्हणते," वहिनी म्हणाल्या. "दिवस नाही मोजले तिनं."

"अगं, पण मी इथे..."

"तुमच्याजवळ गाडी आहे की. उद्या तुमच्या बाईसाहेबांशी बोलणार असाल तर बोला. नाहीतर सोमवारी टेम्पो सांगितलाय."

हळूभाऊंना त्या रात्री झोप लागली नाही. काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलं. सकाळपर्यंत ते इतकं घोटून झालं होतं की त्यात 'गाडी' हा शब्दच उरला नव्हता.

रविवारी शटर वर केलं, डिकी उघडली, हळूभाऊ आत सरपटले. आतून बटण दाबलं, डिकी कण्हत मिटली. ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्यांनी ब्रेक दाबला आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर लुकलुकला, कुठेतरी टक टक टक झालं आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, काही नाही. काच खाली होईना, डिकी उघडेना. दार चार बोटं उघडून गादीला टेकलं.

हळूभाऊंनी भीत भीत हाक मारली, "अगं ए..."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. समोरच्या काचेतून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय झालं?"

"मी अडकलोय."

"ते दोन वर्षं झाली. आज काय झालं?"

हळूभाऊंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. वहिनींनी त्यावरून मेकॅनिकला लावलं आणि त्याचा आवाज मोठा केला, म्हणजे नवऱ्याला फटीतून ऐकू जाईल.

"बुधवारी ब्रेक दाबून चालू करता ना?" मेकॅनिकनं विचारलं.

"ब्रेक कशाला? गाडी उभीच तर असते!" हळूभाऊ आतून ओरडले.

 मग मेकॅनिक म्हणाला, "काका, तुम्ही दर बुधवारी तिला जेवायला बसवायचात आणि तिच्याच ताटातलं खायचात. बॅटरी संपली."

"डिकी आतून उघडायला काही असेल की," वहिनी म्हणाल्या.

"असतो एक खटका. पण साहेबांनी फळ्या ठोकून घेतल्या ना, त्यांच्यामागे गेला तो. असं करा, काकांना पायाशी असलेला बॉनेटचा खटका ओढायला सांगा. तो तारेचा आहे, उघडेल. आत लाल टोपी दिसेल. कुणाची तरी बॅटरी आणून जोडा."

हळूभाऊंनी खटका ओढला. वहिनींनी बॉनेट वर केलं आणि हळूभाऊंची समोरची वाटही बंद झाली. काचेत आता नुसता काळा पत्रा. वहिनी मागच्या दारानं टेम्पोवाल्याला बोलवायला गेल्या. हळूभाऊ एकटेच बसून राहिले. शटरमधून ऊन येऊन मागची सीट तापत होती. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, तशीच सवय होती म्हणून. किती माणसांना आपण दार उघडून दिलं, असा काहीतरी विचार त्यांच्या मनात आला, आणि तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली.

बाईसाहेब उभ्या होत्या. वाट पाहून त्या चालतच आल्या होत्या.

"बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे, बाईसाहेब. गाडीला जरा..."

"मग बाहेर या ना."

हळूभाऊंनी दार गादीला टेकेपर्यंत उघडून दाखवलं. तोवर बॉनेटपलीकडे टेम्पोवाला बॅटरी घेऊन आला होता. वहिनींना मागे कोण उभं आहे हे दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्या दिवशी काही फरक पडला असता असं वाटत नाही.

"वहिनी, भाऊंना राहू द्या की आत," टेम्पोवाला म्हणाला. "सोमवारी मशीनबरोबर त्यांनाही नेऊ, पॅकबंद."

"नको. तिथेही कुणाला तरी 'हो' म्हणून हत्ती आणून बांधतील घरात." वहिनींचा आवाज चढला. "माझी खोली गेली, गिऱ्हाईक गेलं. पडदे फोडणीत शिवतेय. का? तर आठवड्यातून एक दिवस एका बाईला फेरी मारायची असते! तिचं दुःख मोठं, कबूल. पण ते माझ्या खोलीत का ठेवलंय? आणि या माणसाला सांगता येत नाही. सरपटत येतो, सरपटत जातो!"

"वहिनी, तार धरा. लाल लालला."

हळूभाऊंनी आरशात पाहिलं. बाईसाहेब जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी आरशातून नजर काढली, तर समोर पत्रा. डावीकडे गादी, उजवीकडे गादी. कान बंद करायला हात होते, पण ते स्टिअरिंगवरून निघेनात.

"भाऊ, मारा!" टेम्पोवाला ओरडला. "ब्रेक दाबून हां!"

पडदा उजळला. बॉनेट खाली आलं. हळूभाऊंनी जपून गाडी मागे घेतली, रस्त्यावर आल्यावर दारातून, माणसासारखे उतरले आणि बाईसाहेबांसाठी मागचं दार उघडून धरलं. त्या बसल्या. हळूभाऊ पुन्हा स्टिअरिंगवर बसले. समोर मोकळी खोली दिसत होती. तिच्यात स्वयंपाकघरातून एका बाजूनं वहिनी आणि दुसऱ्या बाजूनं टेम्पोवाला मशीन उचलून आणत होते. त्यांनी ते खोलीच्या बरोबर मधोमध ठेवलं. वहिनींनी जवळ स्टूल ओढलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. बाईसाहेब दिसल्या तेव्हा त्या थोड्या चपापल्या, पण उठल्या नाहीत.

"हे काय?" बाईसाहेबांनी विचारलं.

"तिची खोली आहे ती," हळूभाऊ म्हणाले.  "आता गाडी आत जाणार नाही, बाईसाहेब."

"मग कुठे ठेवणार?"

"तुमच्या पोर्चमध्ये. होती तिथे."

 मग बाईसाहेब हळू आवाजात म्हणाल्या, "ती दारात दिसली की मला वाटतं, ते निघालेत. चपला शोधायला लागते मी. म्हणून तर दिली तुम्हाला. आठवड्यातून एकदा बघवते. रोज नाही बघवत."

"आम्हाला रोज बघावी लागते," हळूभाऊ म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मान खाली घालून ते वाट पाहू लागले, आता किल्ली मागतील, उतरून जातील, निदान रागावतील. आरशात बघायचा धीर होईना.

"चला," बाईसाहेब म्हणाल्या. "कोर्टाकडे नको. घरीच चला."

घरी गेल्यावर त्यांनी गाडी पोर्चमध्ये लावू दिली नाही. बंगल्याला वळसा घालून मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपलीकडे पत्र्याची शेड होती, तिथे न्यायला लावली. त्या बाजूला एकही खिडकी उघडत नव्हती. आज त्यांनी दारावरून हात फिरवला नाही आणि 'छान ठेवलीत' असंही म्हणाल्या नाहीत. हळूभाऊंनी किल्ली पुढे केली.

"मी काय करू तिचं?" बाईसाहेब म्हणाल्या. "तुमचीच आहे ती. रविवारी या. आणि बुधवारी येऊन चालू करून जात जा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला नाही चालणार."

हळूभाऊंनी तोंड उघडलं. मघाशी एकदा जमलं होतं. पण बाईसाहेब पाठ फिरवून, दोरीवरचा साहेबांचा एक जुना शर्ट सरळ करत होत्या. तो ओला नव्हता आणि वाळतही नव्हता, नुसताच होता.

"हो, बाईसाहेब," हळूभाऊ म्हणाले.

ते चालत घरी आले. शटर पूर्ण उघडं होतं. वहिनी कुणाचातरी पडदा शिवत होत्या, सुईखालून कापड भरभर पुढे सरकत होतं. टेम्पोवाला गाद्या उपटून रस्त्यावर टाकत होता. सोमवारचं काय, हे विचारायचं हळूभाऊंच्या ओठांवर आलं होतं, पण मशीनकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"ठेवून घेतली का त्यांनी?" मशीन न थांबवता वहिनींनी विचारलं.

"ठेवून घेतली."

"म्हणजे सुटलात."

हळूभाऊंनी खिशातली किल्ली चाचपली.

"खोलीपुरता सुटलो," ते म्हणाले.

वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.  पडदा जमिनीवर लोळायला लागला होता. "ते टोक धरा आधी," त्या म्हणाल्या, आणि हळूभाऊंनी ते धरलं.