रेस्टीने जुळवलेली सोयरीक

मसाका शहरातल्या आमच्या मिशन इस्पितळात संगणक सांभाळते ती रेस्टी नासोलो. ती अपग्रेड करायला बसली की मी प्रयोगशाळेतलं काम उरकून तिच्या शेजारी खुर्ची ओढते. अपग्रेड होताना यंत्र प्रत्येक फाइलीपाशी अडतं आणि विचारतं, तुमची जुनी ठेवू की आमची नवी घालू? कंटाळून 'जुनी, जुनी' म्हणत सुटलं की काहीच सुरू होत नाही. 'नवी' म्हटलं तर आपण वर्षानुवर्षं बसवलेली घडी मोडते. रेस्टीच्या आधीच्या माणसाने तेच केलं होतं आणि रक्ताचे रिपोर्ट हाताने लिहून मी वॉर्डावॉर्डात पळत होते. आठवलं की अजून डोकं फिरतं.

रेस्टी मात्र क्वांजुलाच मांडते. आमच्याकडे लग्नाच्या या बोलण्यांत दोन्हीकडून एकेक बोलका माणूस पुढे बसतो ना, तसंच. जुनी फाइल म्हणजे मुलीचं घर, तिथून मी बोलते. नवी म्हणजे मुलाकडची मंडळी, त्यांच्याकडून ती.

"एक नवी ओळ आलीय, आत घ्या की."

"कुठल्या कुळातली? हात हलवत आली वाटतं!"

"चोराला दारातच अडवते, न्याबो, बाईसाहेब."

"मग बसू दे. पण चपला बाहेर!"

मागच्या वर्षी एका ओळीवर गाडी अडली. वीज गेली की बॅटरीवर किती वेळ थांबून यंत्राने बंद व्हायचं? नवी म्हणे अर्धं मिनिट, आमची जुनी म्हणे चार मिनिटं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बॅटरीची वाट लागते अशाने," डॉक्टर सेमांदा म्हणाले. "काढून टाक आणि मोकळी हो."

"घरच्या माणसाला असं न विचारता घालवतात का, डॉक्टर?" रेस्टीने सरळ म्हाताऱ्या सेकिट्टोंना फोन लावला. हे यंत्र त्यांनीच बसवलं होतं. आता ते गावी केळीची बाग बघतात.

"जाजा," आजोबांना हाक मारावी तशी ती म्हणाली, "ही चार मिनिटं कसली हो?"

म्हातारा हसला. "लुतायाच्या पायाची, पोरी. फाटकापासून जनरेटरपर्यंत जाऊन तो सुरू करायला त्याला तेवढी लागतात. यंत्र आधीच बंद पडलं असतं तर बाळंतिणींचे रिपोर्ट अडले असते आणि सगळ्यांनी त्याच्या नावाने बोंब मारली असती. नोकरीच गेली असती बिचाऱ्याची. पाय काही मला दुरुस्त करता येईना, मग आकडा केला."

लुताया आमचा लंगडा पहारेकरी. रेस्टीने बाकी फाइल नवी घेतली आणि ती ओळ जुनीच ठेवली. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

यंदा यंत्राने पुन्हा तोच प्रश्न केला. रेस्टी उठून खिडकीशी गेली. लुताया आता काठी टेकत चालतो. तो अंगण ओलांडेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग येऊन बसली. तिने जुना आकडा ठेवला नाही, नवाही घेतला नाही. चाराचे सहा केले.