चोविसावा वाटा

लग्नघरी गेले की सखारामदादा पानावर बसण्याआधी चुलाणापाशी जायचे आणि प्रत्येक टोपावर बोटाचं पेर वाजवून बघायचे. कल्हई उडाली असेल तर त्यांना आवाजावरून कळे. "ह्या टोपातली आमटी पोरांका वाढू नकात," असं यजमानाला तोंडावर सांगत. लोक हसत, मीही हसायचो.

लालबागला आमच्या गावमंडळाची खोली होती. तिथे राहणाऱ्या, दादा धरून आम्ही चोवीस गिरणी कामगारांनी वर्गणी काढून तांब्याचे सात मोठे टोप घेतले होते. गावच्या कोणाचंही कार्य निघालं की ते फुकट जायचे. परत आले की दादा स्वतः चिंच लावून घासायचे.

आमच्यातल्याच एकाने, मंडळाच्या सेक्रेटरीने, ते कल्हईला म्हणून नेले आणि मोडीत विकले. दादा गिरगावातल्या एका वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, "तुम्ही तेवीस जणांनी सह्या केल्यात तर नवे टोप येतील. एकटे गेलात तर एकट्याचाच वाटा." दादा कागद घेऊन एकेकासमोर बसले. गावचं भांडण कोर्टात नको, असं सगळे म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. सेक्रेटरीच्या शब्दावर गिरणीत बदली कामगाराचं काम मिळायचं. मलाही त्यानेच चिकटवलं होतं. मी म्हणालो, "दादा, आज शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे. उद्या बघू."

"मुंबय आमची म्हणान बोंबलतास, आणि स्वतःचो टोप तुमचो नाय?" दादांनी कागदाची घडी घातली. मी सभेला गेलो आणि घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

दादा एकटेच कोर्टात उभे राहिले. "टोप माझ्या ताब्यात होते एवढंच सांगा, वाट्याचं बोलू नका, म्हणजे पुरी भरपाई मागता येईल," असं वकिलाने त्यांना बजावलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "टोप तुमचे?"

"सायबानू, चोवीस जणांचे."

झालं! विकले त्या दिवशीचा मोडीचा भाव धरून चोविसावा हिस्सा दादांना मिळाला. घडणावळ, कल्हई, काही नाही. आम्हा बावीस भेकडांचे वाटे सेक्रेटरीने पचवले, आणि आम्ही ते पचू दिले.

त्या पैशांत दादांनी पितळेचा एक डाव घेतला. घरी नेतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी तो कल्हई करून खोलीतल्या खिळ्याला टांगला आणि मला मंडळाच्या वहीत लिहायला लावलं: डाव एक, मालक चोवीस जण. खाली मी नावं लिहिली, सेक्रेटरीचं गाळलं.

"त्याचाव लिही," दादा म्हणाले. "वाटो तो वाटो."

दोन वर्षांनी दादा गेले. बाराव्याला भाड्याचे टोप आणले. त्यांवर कोणी पेर वाजवून बघितलं नाही. आमटी वाढायला खिळ्यावरचा डाव काढला, आणि तो हातात घेऊन पंगतीत फिरत होता सेक्रेटरी. माझ्या पानाशी तो थांबला. मी मान खाली घालून जेवलो, आणि पुन्हा आला तेव्हा आणखी एक डाव मागून घेतला.