मलनबीचं गप्प बसणं

आळंदला आमच्या गल्लीत मलनबीचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिचा हात इतका हलका की काच चढवताना नव्या नवरीलाही ओरखडा उठत नाही. नवरा वारल्यावर तिनं एकटीनं शाहिस्ताला वाढवलं. शाहिस्ता सतरा वर्षांची, जन्मापासून बहिरी अन् मुकी. मायलेकींच्या घरगुती पाच-पन्नास खुणा होत्या, तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

गेल्या रमजानच्या तोंडावर कलबुर्गीच्या एका संस्थेनं तिच्याकडे इल्मा नावाची मुलगी राहायला पाठवली. फिनलंडची, तीही बहिरी. बहिऱ्या मुलींना खुणांची भाषा शिकवायला स्वयंसेवक म्हणून आलेली. मलनबीनं लेकीसाठी हो म्हटलं. दहाव्या रोज्यापर्यंत मात्र तिचं मन बिघडलं.

"महानंदाक्का, दिसभर दोघींचे हात चालूच. मी आले की हात खाली."

"पोरी हायेत, बोलत असतील काय तरी," मी म्हणाले.

"मग माझ्याम्होरं कामून थांबतात?"

इल्मा त्यांच्यासारखेच रोजे धरायची. पहाटे सहरीच्या जेवणाला उठायची, दुपारी ओठ सुकले तरी पाण्याला शिवायची नाही. गल्लीला त्याचंच कोडं पडलं. ही मुसलमान नाही, मग रोजा कशाला? वहीत सारखं लिहिते काय? मलनबीचा दीर लाडलेसाब तर उघड म्हणाला, "बहिरी-बिहिरी कुछ नै. सोंग है. सब सुनती, और लिखती."

एका इफ्तारला मलनबीनं मलाही बोलावलं. आम्ही बायका लाकडी तख्तावर बसलो होतो. इल्मा तिथंच पाठमोरी बसून खजूर मांडत होती. लाडलेसाब आला आणि पितळी ताट त्यानं मुद्दाम तख्तावर आपटलं. इल्मा दचकून वळली.

"देखे? सुनती!"

सगळ्यांच्या नजरा मलनबीकडे. तिला ठाऊक होतं. सतरा वर्षं ती शाहिस्ताला तख्तावर थाप मारूनच उठवत आली होती. लाकडाचा हादरा बहिऱ्यालाही कळतो, एवढंच सांगायचं होतं. ती सरबत ढवळत राहिली.

बोभाटा संस्थेपर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी इल्माला जवळच्या कडगंचीला दुसऱ्या घरी हलवलं. शाहिस्ता रडली नाही, भांडली नाही. तिनं आईशी खुणा करणं बंद केलं. इफ्तारला खजूर उचलायची आणि आत जायची.

चौथ्या दिवशी मलनबी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "मला ठाऊक होतं, अक्का. रोजा धरून खोटी वागले."

"तू बोललीस कुठं?"

"तेच तर."

त्या संध्याकाळी तिनं दिराला आणि त्याच बायकांना बोलावलं. शाहिस्ता तख्तावर पाठमोरी बसली होती. मलनबीनं तेच ताट तख्तावर आपटलं. पोरगी गर्रकन वळली.

"ही बी सोंग करायलीय का, भाईसाब?"

लाडलेसाब नमाजाला निघून गेला.

मग मायलेकी बसनं कडगंचीला गेल्या, मीही सोबत होते. इल्मा दारात आली, हसली नाही. त्या घरची सौम्या बहिऱ्या मुलांची शिक्षिका, तिला खुणा यायच्या. मलनबीनं हात जोडून माफी मागितली आणि लगेच विचारलं, "ह्या दोघी काय बोलत होत्या, तेवढं सांगा."

सौम्यानं शाहिस्ताचे हात बराच वेळ पाहिले. "कलबुर्गीला वसतिगृहात राहून हिला शिवणकाम शिकायचंय. इल्मानं फॉर्म आणून दिलाय. तुम्ही एकट्या पडाल म्हणून तुम्हाला सांगवत नव्हतं."

"बघा अक्का!" मलनबी माझ्याकडे वळली. "मला वाटतच होतं, ही पोरगीला माझ्यापासून काढायलीय." मग पदर डोळ्यांना लावून ती खाली बसली. शाहिस्ता तिच्याशेजारी बसली, पण लगेच नाही.

इल्मा परत राहायला आली नाही. ईदला दोन तास आली, शीरखुर्मा खाऊन गेली. जूनमध्ये मलनबी स्वतः लेकीला घेऊन कलबुर्गीला गेली. वसतिगृहाच्या दारांच्या कड्या तिनं एकेक लावून पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिलं, रखवालदाराला त्याचं गाव विचारलं. मगच फॉर्मवर सही केली.