रुमालाखालचा आकडा

मला एका नाटकवाल्या बाईने फसवलं, आणि माझ्या शब्दावर आमच्या गल्लीतल्या बायका फसल्या. ती पुण्याची, मी आष्ट्याची. ती याला कला म्हणते. मी हळदीची दलाल आहे आणि मला चोरी ओळखता येते.

हळदीचा सौदा पूर्वी रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती गर्दी, पण भाव दोघांनाच ठाऊक. पुढे उघड लिलाव आले, ते बरंच झालं, कारण रुमालाखाली शेतकऱ्याला नागवणारे कमी नव्हते. पण त्या नागवणाऱ्यांनीही एक गोष्ट पाळली. रुमालातलं बाहेर काढलं नाही. हे सगळं मी वडिलांकडून शिकले. मी बाजारात उतरले तेव्हा व्यापारी म्हणायचे, बाईशी भांडायचं कसं? मी भांडून दाखवलं. आता तेच मला बसायला खुर्ची देतात.

ही बाई आली ती हे सगळं ऐकून. म्हणाली, बायका तोंडाने जे बोलत नाहीत ते बोटांनी सांगतील. आठवडा बाजारात तंबू टाकायचा, आत टेबल, टेबलावर रुमाल. बायकांनी एकेक करून यायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: गेल्या महिन्यात घरात तुमच्यावर किती वेळा हात उचलला? बोटं धरायला समोर मी. कल्पना मला पटली, खोटं कशाला सांगू? माझी अट एकच होती. नाव नाही, चेहरा नाही. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच कुणी हो म्हणालं की मी एरवी सावध होते.

टेबल वरून काचेचं होतं.

"काच कशाला?" मी विचारलं.

"दिसायला बरं," ती म्हणाली.

मी वडिलांचा जाड पंचा नेला होता. तिने तो बाजूला ठेवला आणि पातळ पांढरा रुमाल टाकला.

बायका आल्या. मीच दारोदार जाऊन सांगितलं होतं. एक म्हातारी म्हणाली, "माजा म्हातारा मरून गेला, आता कोण मारतंय? मागलं सांगितलं तर चालंल का?" एक नवी सून म्हणाली, "अक्का, एकदाबी न्हाई, तर काय धरायचं?" मी म्हटलं, काहीच धरू नकोस. "मग नुसता हात धरते," म्हणाली, आणि बराच वेळ धरून बसली. माझ्या शेजारणीने माझी चार बोटं घट्ट धरली आणि तोंडाने मोठ्याने भेंडीचा भाव विचारत राहिली, कारण तंबूबाहेर तिची सासू उभी होती.

मग साताऱ्याला प्रयोग ठेवला. मी आणि शेजारीण एसटीने गेलो. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. अंधार झाला आणि पडद्यावर हात आले. काचेखाली लपवलेल्या कॅमेऱ्याने घेतलेले, भिंतीएवढे. माझा रुंद, पिवळा पडलेला हात आणि त्यावर एकेकीचा. शेजारणीच्या अंगठ्याचं टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं आहे. आमच्या गावात तो अंगठा कुणीही ओळखेल.

"अक्का, ह्यो माजा हात हाय."

"गप बस."

"माजाच हाय. तुमी तर म्हणला हुता, कुणाला दिसत न्हाई." तिने मांडीवरचा हात पदरात गुंडाळला.

बाई माइकवर आली. म्हणाली, आता प्रेक्षकांनी नुसतं बघायचं नाही, सहभागी व्हायचं. ज्यांना आतून वाटेल त्यांनी मंचावर त्याच काचेच्या टेबलाशी यावं, रुमालाखाली हात द्यावा. कुणी हललं नाही. मागून एक पेन्शनर फौजी म्हणाला, "आम्ही तिकीट काढून आलोय, आमाला ऑर्डर कसली देताय?" लोक हसले.

मी उठले. मंचावरच्या टेबलावरचा रुमाल ओढला आणि खाली येऊन प्रोजेक्टरवर टाकला. पडदा काळवंडला. मी ओरडले, "या बायांना विचारलं होतं का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. एक बाई डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काय काम केलंत हो! तालीम किती दिवस चालली होती?"

बाहेर ती नाटकवाली बाईसुद्धा गहिवरलेली. "आजचा सगळ्यात खरा क्षण तुम्ही दिलात."

"चित्रण पुसा."

"अहो, नाव नाही, चेहरा नाही, असंच ठरलं होतं ना? मी शब्द पाळलाय."

मीही धंद्यात लोकांना शब्दात पकडलेलं आहे, त्यामुळे हा डाव मला नवा नाही. पण रुमाल टाकला की तोच करार असतो. हातही दाखवू नका, हे वेगळं बोलावं लागत नाही. तिला ते माहीत होतं. त्याच गोष्टीसाठी तर ती माझ्याकडे आली होती.

ते चित्रण मोबाइलवर फिरलं. शेजारणीच्या नवऱ्याने ते चहाच्या टपरीवर चारचौघांत पाहिलं. घरी येऊन अंगणातूनच ओरडला, "चार? कवा चार? दोन येळा हाय ते! खोटं सांगतीस व्हय गं?"

मी बाहेर आले. "दोन कबूल आहेत म्हणजे."

"तुमी मधी पडू नगा. तुमीच नेलती तिला."

ते खरं होतं, मीच नेलं होतं.

शेजारीण आता कडेगावला माहेरी आहे. नवरा म्हणतो, तो हात माझा नव्हे असं चारचौघांत सांग, मग नांदवतो. तिने परत जावं की नाही, ते तिचं तिने ठरवायचं. पण ही पाळी तिच्यावर कुणी आणली? गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. नळावर मी गेले की कळशा उचलून चालू लागतात.

मी पुण्याला फोन केला. बाई म्हणाली, चर्चा सुरू झाली हेच कामाचं यश. वर म्हणाली, प्रयोग आता आणखी शहरांत जाणार आहे, तुम्ही दर वेळी येऊन तो रुमाल टाकाल का? लोकांना फार भिडतं.

नाही टाकणार. बाई, तुम्ही आष्ट्याला या. दिवसाढवळ्या शेजारणीच्या नवऱ्याच्या दारात उभं राहून सांगा की हे चोरून केलं आणि तिला ठाऊक नव्हतं. मग कडेगावला जाऊन तिला विचारा, चित्रण ठेवू की पुसू, आणि ती म्हणेल तसं करा. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसेल. तिच्या आईसमोर बसून तुम्हाला सांगावं लागेल, कुणाला विचारून तिचा हात उघडा केलात? मी गल्लीला रोज उत्तर देते आहे. तुम्ही कधी देणार?