मृगातला घोडा आणि संत्र्याच्या बागेतला धूर

मागच्या शनिवारी सासरी जाऊन आलो. सण नव्हता, कुणाचं लग्नही नव्हतं... मला एका घोड्याचा फोटो काढायचा होता.

हा घोडा आकाशातला. मृग नक्षत्रात एका ओळीत तीन तारे दिसतात ना, त्यातल्या एकाजवळ लालसर उजेडाचा पडदा आहे आणि त्याच्यापुढे काळ्या धुळीचा ढग, थेट घोड्याच्या डोक्यासारखा. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. ट्रॅकरवर कॅमेरा लावला की तो ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरतो. मग लांब एक्स्पोजरचे भरपूर फोटो काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे. तेव्हा कुठे घोडा उमटतो... उमटला तर.

आम्ही राहतो अमरावतीत, राजापेठेत. गच्चीवरून ते तीन तारे दिसले तरी खूप, इतके दिवे. गेले काही हिवाळे हुलकावणीतच गेले... कधी ढग, कधी माझाच फोकस चुकलेला. यंदा अमावस्या शनिवारला लागून आली, अकोल्याच्या मित्राने त्याचा चांगला ट्रॅकर वापरायला दिला, हवा कोरडी, थंडी कडक. हे सगळं पुन्हा कधी जुळेल, सांगता येत नव्हतं.

सासर शेंदूरजनाघाटजवळ, घर संत्र्याच्या बागेतच. दुपारी पोचल्यावर जागा शोधली. नव्या कलमांच्या बाजूला आकाश मोकळं होतं, फक्त बांधाला जागोजागी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि ओल्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, ढीग होते. मी मेहुण्याला, संतोषला म्हटलं, "हा कचरा जरा हलवता येईल का? ट्रायपॉड नीट बसेल." त्याने लगेच तिथला ढीग बाजूला केला. अंगणातला बल्बही मी बंद करायला लावला.

अंधार पडताच कॅमेरा सुरू केला. आकाश इतकं स्वच्छ, की उगाच भीती वाटली... आता काहीतरी बिघडणार म्हणून. पण फोटोमागून फोटो निघत होते.

जेवायच्या वेळेला मेधा, माझी बायको, शाल घेऊन आली. माहेरी आली की तिची भाषा फाटकापाशीच बदलते. "तुमी ज्याले कचरा म्हटलं ना, तो धुरासाठी ठेवला होता," ती म्हणाली. "अशा थंडीत रातच्याला बागेत धूर करा लागते, नाही तं कलमं करपतात. पण आईनं सांगितलं संतोषले, जवाई फोटो काढून राहिले, आज राहू दे."

खरं लिहायचं तर पहिला विचार कलमांचा आला नाही. धूर झाला तर फोटो गेला, हा आला. त्याच्या मागोमाग दुसरा आला, की हे त्यांनी स्वतःहून ठरवलंय, मी तर काही मागितलं नव्हतं... या दुसऱ्या विचाराची जास्त लाज वाटली.

थंड, निरभ्र, वारा नसलेली रात्र. मला हवी असते तीच, आणि कलमांना नको असते तीच. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

घरात जाऊन संतोषला म्हटलं, धूर कर. तो हसला. "राहू द्या हो भाऊजी. वर्सातून एकदा तं येता, अन् तेही आमच्यासाठी नाही, घोड्यासाठी."

"अरे, पण कलमं?"

"एक रात काढतीन ते."

"आणि नाही काढली तर?"

त्याने सासूबाईंकडे बघितलं फक्त. मला तेवढं पुरे होतं. काडेपेटी उचलली आणि निघालो.

आता सासूबाई मागे धावल्या. "अवं माय! जवायाच्या हातानं कचरा जाळून घेऊ का मी? लोकं काय म्हणतीन?"

मेधा म्हणाली, "आई, धुरात लोकाइले काय दिसते!"

मग चौघं मिळून कामाला लागलो. माझा ढीग धूर सोडून धडाधड पेटला, तसा संतोष ओरडत आला. "भाऊजी, जाळ नाही पाह्यजे, धूर पाह्यजे! होळी करून राहिले का?" वरून ओलं कुटार दाबायचं असतं... ते त्याने दाबलं. थोड्या वेळात धूर कलमांवर पसरून तिथेच बसला. मृग त्यात हळूहळू विरघळला. मी कॅमेरा काढून घेतला आणि डोळे चोळत जेवायला बसलो.

सकाळी संतोष कलमांमधून फिरून आला. पानं ठीक होती. धुरामुळे की नशिबाने, हे मला सांगता येणार नाही, त्यालाही नाही... पण शीळ घालत आला, एवढं खरं.

अमरावतीला आल्यावर होते तेवढे फोटो एकावर एक रचले. हवे होते त्याच्या निम्मेही नव्हते. दाणेदार, मळकट लाल पडदा आणि त्यात एक काळी खाच. मला ती घोड्याची मान वाटते. तशी वाटावी अशी इच्छा आहे म्हणून वाटते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सासरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर लगेच सासूबाईंचा व्हॉइस मेसेज. "जवाईबापू, घोडं कुठी आहे यात? मले तं काईच नाही दिसून राहिलं."

खरंच दिसलं नसेल त्यांना. आणि त्यांना न दिसणाऱ्या या घोड्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली कलमं एका रात्रीपुरती उघड्यावर सोडायची तयारी केली होती. एवढं मिळण्यासारखं मी काय केलंय, मला माहीत नाही...

फोटो जसा आला तसा खाली लावतोय. कोपऱ्यात नेहमी माझं एकट्याचं नाव असतं. या वेळी चौघांची आहेत.